गोधडीखालचं पुस्तक

डोंबिवलीहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. नाव देऊ नका, असं त्यांनी कळवलं आहे. पत्र मोठं आहे, त्यातला गाभा त्यांच्याच शब्दांत:

"मी 47 वर्षांची. एका खासगी कंपनीत हिशेबाचं काम करते. सासर रत्नागिरी तालुक्यात, माहेर वाईजवळ बावधनला. नोकरी, लोकल आणि मुलीचा अभ्यास यातून वाचन हाच माझा विरंगुळा. पण होळी आली की तो बंद पडतो. शिमग्याला गावी पालखी, लगेच रंगपंचमीला माहेरी बगाडाची यात्रा, मग पाडवा, चैत्रातली हळदीकुंकवं, लग्नं आणि मे महिन्यात परत कोकण. गेल्या वर्षी मोजलं. होळी ते मेअखेर 12 शनिवार-रविवार होते, त्यातले 9 प्रवासात नाहीतर पाहुण्यांत गेले. जानेवारीत प्रदर्शनातून आणलेली 11 पुस्तकं तशीच पडली आहेत. वाचनालयाची दोन मुदत उलटून घरात आहेत. मागच्या शिमग्याला मी ओटीवर कादंबरी घेऊन बसले होते, तर मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, 'आम्ही दिसतो का गं तुला?' सगळे हसले. मला मात्र लागलं. तेव्हापासून गावी गेले की पुस्तक गोधडीखाली ठेवते आणि सगळे झोपले की मोबाइलच्या उजेडात वाचते. यंदा वाटतंय, जाऊच नये. मी माणूसघाणी झालेय का?"

ताई,

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण सगळं पत्र त्याच्याच ओझ्याखाली लिहिलेलं दिसतंय. तुम्ही माणूसघाण्या नाही. जिला माणसं नकोशी झालेली असतात, ती जाऊबाईंचं एक वाक्य वर्षभर मनात घेऊन फिरत नाही. ते तिच्या कानावरून जातं. तुम्हाला लागलं, कारण जाऊबाई तुमच्या आहेत.

आता ते वाक्य जरा त्यांच्या बाजूनं ऐका. "वाचतेस कशाला" असं त्या म्हणाल्या नाहीत. "आम्ही दिसतो का" म्हणाल्या. शिमग्याच्या आधीचे दिवस गावातल्या घरात कसे जातात, हे मी तुम्हाला सांगायला नको. अंगण करायचं, पालखीसाठी जागा आवरायची, देवीच्या ओटीची तयारी, नारळ, पालखीबरोबर येणाऱ्या मानकऱ्यांचं चहापाणी, मुंबईहून येणाऱ्या सगळ्यांची अंथरुणं. तुमची सुट्टी असते त्या आठवड्यात जाऊबाईंच्या अंगावर वर्षातलं सगळ्यात जास्त काम असतं. आणि ते काम त्या एका गोष्टीकडे डोळे लावून करतात, की घर भरणार आहे, चार दिवस बोलायला माणसं मिळणार आहेत. मग त्या हात पुसत ओटीवर येतात आणि तुमचं डोकं पानात. वाचणाऱ्याला पुस्तकाची आतली बाजू दिसते, समोरच्याला त्याचं फक्त मलपृष्ठ दिसतं.

माझी एक चूक तुम्हाला सांगते. बी.ए.ची शेवटची परीक्षा देऊन मी एप्रिलमध्ये चार दिवस सांगलीला मावशीकडे गेले होते. बरोबर एक जाडजूड कादंबरी. मावशी स्वयंपाकघरात साखरांब्यासाठी कैऱ्या किसत होती. "जरा ये गं" अशी हाक आली. मी म्हटलं, "एवढं प्रकरण संपवते." थोड्या वेळानं पुन्हा हाक आली, मी पुन्हा तेच उत्तर दिलं. तिसऱ्यांदा तिनं हाक मारली नाही. पुढे कितीतरी महिन्यांनी आईकडून कळलं, की काकांच्या नोकरीचं बिनसलं होतं आणि मावशीला ते कुणाजवळ तरी बोलायचं होतं. संध्याकाळी घरात माणसं आली, ती बोलली नाही. कादंबरी चांगली होती. ती मला जूनमध्येही वाचता आली असती.

म्हणजे गावी वाचू नका असं मी म्हणतेय का? नाही. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते गोधडीखालचं पुस्तक. 47 वर्षांची, कमावती, संसार सांभाळणारी बाई रात्री बारा वाजता चोरून वाचते, हे मला बघवत नाही. शिवाय चोरून वाचण्यात फायदा काहीच नाही. जाग्रण होतं, दुसऱ्या दिवशी चिडचिड होते आणि ती नेमकी त्याच माणसांवर निघते. अंधारात मोबाइलचा उजेड दिसला की घरचे समजतात, ही फोनवर बसलीय. वाचनाचं नाव होतच नाही, आळ मात्र येतो.

तेव्हा पहिली गोष्ट ही करा. निघायच्या आठवडाभर आधी जाऊबाईंना फोन करा. तुमच्या घरात जी हाक असेल ती घाला, मी 'वहिनी' धरते. म्हणा, "वहिनी, मागच्या वेळी तुम्ही बोललात ते मला लागलं, पण तुमचं चुकलं नव्हतं. यंदा दुपारी जेवणं झाली, सगळे आडवे झाले की मी तासभर वाचणार आहे. एरवी हातात पुस्तक दिसलं तर खुशाल काढून घ्या." एवढंच. सगळं घर दोन ते साडेतीन झोपलेलं असतं, तेव्हा तुम्ही कुणाच्या वाट्याचा वेळ घेत नाही. आणि पुस्तक कोनाड्यात उघड्यावर ठेवा, सगळ्यांना दिसेल असं. त्याच फोनवर पालखी आपल्या दारात कोणत्या दिवशी येणार तेही विचारून घ्या आणि त्या दिवशी पुस्तकाला हातसुद्धा लावू नका. दुपारीही नाही. तो दिवस जाऊबाईंचा आहे.

दुसरी गोष्ट पुस्तकाच्या निवडीची, आणि इथे मी जरा हट्टीपणानं बोलणार आहे. शिमग्याला कादंबरी नेऊ नका. कादंबरी ही सलग वाचायची गोष्ट. चार पात्रं, दोन पिढ्या, कोण कुणाचा कोण, हे डोक्यात धरून ठेवावं लागतं. त्यात कुणी "चहा टाकू का गं" म्हणून विचारलं तरी धागा तुटतो आणि चहा विचारणाऱ्याचा राग येतो. दोष चहाचा नाही, तुमचाही नाही. जागा चुकली. आपल्याकडे पोथी चातुर्मासात लावायची, ते उगीच नव्हतं. पाऊस पडत असतो, पेरण्या उरकलेल्या असतात, येणंजाणं कमी झालेलं असतं. जाड पुस्तकाला तशी बैठक लागते. तुमच्या 11 पुस्तकांतल्या कादंबऱ्या आषाढ-श्रावणासाठी बाजूला काढा. त्या "राहिल्या" नाहीत, त्यांची वेळ अजून आलेली नाही.

मग न्यायचं काय? कथासंग्रह, ललित लेखांचं पुस्तक, पत्रं, आठवणी, जे दहा-बारा पानांत पुरं होतं ते. आणि घरात दिवाळी अंक नक्की उरलेले असतील. कुणाच्या घरात ते फाल्गुनापर्यंत संपलेले असतात? प्रवासासाठी त्यांच्याइतकं सोयीचं काही नाही. एक कथा वाचली, अंक मिटला, माणसांत जाऊन बसलं. वाचून झालेला अंक गावीच ठेवून या, तो तिथे हातोहात फिरतो.

आता ज्याबद्दल मला सगळ्यात जास्त लिहायचं आहे ते. तुम्ही पत्रात एका ओळीत लिहून गेलात, की सासूबाई पूर्वी खूप वाचायच्या, आता डोळ्यांनी दिसत नाही म्हणून रेडिओ ऐकतात. ताई, तुमच्या अडचणीचं उत्तर त्या ओळीत आहे. त्यांना वाचून दाखवा.

शिमग्याच्या दिवसांत तुमच्याकडे ओल्या काजूंचा मोसम असतो. दुपार कलली की बायका ओटीवर बिया घेऊन बसतात, चिकानं हात खराब होऊ नयेत म्हणून तेल लावतात आणि गर काढत बसतात. हात गुंतलेले, कान मोकळे. तिथे बसा. अर्धा तास तुम्हीही सोला, हे महत्त्वाचं आहे. नुसती वाचायला बसलात तर ते पुन्हा काम टाळणंच दिसेल. मग हात धुऊन सासूबाईंना विचारा, "एक गोष्ट वाचू का?" दहा पानांची कथा मोठ्यानं वाचायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. तेवढ्यात जाऊबाई उठून जाणार नाहीत, कारण बिया संपलेल्या नसतील.

मोठ्यानं वाचताना काही गोष्टी सांभाळा. कथा आधी एकदा मनात वाचून ठेवा. जिथे माणसं एकमेकांशी बोलतात अशी कथा घ्या, वर्णनांत रमणारी कथा कानाला जड जाते. मालवणी किंवा संगमेश्वरी बोली असलेली मिळाली तर फारच छान. पण बोली तुमच्या तोंडात बसत नसेल तर ओढूनताणून काढू नका, जाऊबाईंना म्हणा, "ही वाक्यं तुम्ही वाचा." मध्येच कुणी "अगो, आपल्या अमक्याचं असंच झालं होतं" म्हणून सुरू झालं, तर पुस्तकात बोट घालून ऐका. गोष्ट थांबली म्हणून कासावीस होऊ नका. चार बायका एका कथेवर बोलतायत, याच्यासाठी तर शहरात मंडळं काढावी लागतात. पहिल्या दिवशी कंटाळा दिसला तर दुसऱ्या दिवशी विचारू नका. आणि दुसऱ्या दिवशी सासूबाईंनीच "ते कालचं पुस्तक कुठाय" म्हणून विचारलं, तर तुमचं वाचन त्या घरात कायमचं बसलं असं समजा.

तुम्हाला कुणी सांगेल, की माणसं हीच खरी पुस्तकं, ती वाचायला शिका. मला ते कधीच पटलेलं नाही. पुस्तक ते पुस्तक आणि माणूस तो माणूस. माणसाला आपण वाचावं असं वाटत नसतं, आपण उत्तर द्यावं असं वाटत असतं. पण एक खरं, की आपल्याकडे वसंत हा ऐकण्याचा ऋतू आहे. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती उन्हाळ्यातच. सुट्टी असते, संध्याकाळ मोठी असते, लोक घराबाहेर पडतात. तुमच्या पालखीपुढे ढोल वाजतात तेव्हा गावातली म्हातारी माणसं देवीच्या, वाडीच्या, मानपानाच्या गोष्टी सांगायला लागतात. त्या छापलेल्या नाहीत. त्या चार दिवसांत कानानं जे मिळतं ते घ्या, डोळ्यांचा वाटा दुपारच्या तासाभराचा पुरे.

वाचन आणि भटकणं एकत्र होईल असंही करून बघा. जायच्या आधी कोकणातल्या कातळशिल्पांवर काहीतरी वाचा. सड्यावरच्या, म्हणजे उघड्या पठारावरच्या जांभ्या दगडात कोरलेली ही चित्रं 2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली आणि त्यातलं उक्षीचं, हत्तीचं शिल्प तुमच्याच तालुक्यात आहे. मेमध्ये गेलात की मुलीला, पुतण्यांना, दिरांना घेऊन सकाळी लवकर जा, ऊन चढायच्या आत. जे वाचलंत ते तिथे उभं राहून सांगा. घरातल्यांना त्या दिवशी कळेल, की तुम्ही पुस्तकातून काय आणता. आणि एखादी दुपार रत्नागिरी शहरात काढता आली तर तिथल्या जिल्हा नगर वाचनालयात डोकावून या. 1828 पासूनचं आहे ते. पुतण्यांना गावातूनच त्याचं सभासद करता आलं तर तुमच्या पुढच्या सगळ्या शिमग्यांची सोय झाली.

प्रवासाचं थोडक्यात. दिव्याहून किंवा ठाण्याहून गाडीत बसलात की पहिला तास सगळ्यांचाच आवराआवरीत, डबे उघडण्यात जातो, तेव्हा वाचायला बसू नका. रोहा मागे पडलं की पुस्तक काढा. यजमानांना आधीच सांगून ठेवा, "चिपळूणपर्यंत मी वाचणार, पुढे गप्पा." बोगदे आले की उजेड जातो, नातूवाडीचा तर चार किलोमीटरहून लांब आहे. तेव्हा मान वर करून मुलीशी बोला, ती खिडकीशीच असेल. संगमेश्वर गेलं की आवरायला घ्या. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा सुरू झाला म्हणजे रत्नागिरी आलीच. आणि एक विनंती, कानात यंत्र घालून ऐकपुस्तकं ऐकू नका, निदान घरच्यांबरोबर असताना. पुस्तकातून मान वर येते. कान बंद केलेल्या माणसाला हाक मारायचीही पंचाईत.

माहेरचं मला सोपं वाटतं. बगाडाच्या दिवशी, सोनेश्वरहून बैल बगाडाचा लाकडी गाडा ओढत आणतात त्या गर्दीत, पुस्तकाचा विचार तुम्हीही करत नसणार. अडचण येते ती पुढच्या दोन दिवसांत. आई तेच तेच सांगते, असं तुम्ही लिहिलंय. तिला सांगू दे. पण मे महिन्यात पुन्हा गेलात तर एक दिवस भाऊ, वहिनी, भाचे आणि आई, सगळ्यांना घेऊन पसरणीचा घाट चढून भिलारला जा. पाचगणीच्या पुढचं हे गाव मे 2017 पासून पुस्तकांचं गाव झालं. सुरुवातीला 25 ठिकाणी, लोकांच्या घरांत, देवळांत, शाळेत पुस्तकं मांडली गेली, एकेका ठिकाणी एकेका प्रकारची. कुठल्याही घरात जाऊन बसायचं, हवं ते वाचायचं. भाचे बालसाहित्याच्या घरात, भाऊ गडकिल्ल्यांवरच्या पुस्तकांत, आईला खुर्ची मिळाली की झालं. सगळं कुटुंब बरोबर असून प्रत्येकाच्या हातात पुस्तक, आणि कुणालाच त्यात वावगं वाटत नाही, असा दिवस तुम्हाला एकदा मिळायला हवा आहे. येताना स्ट्रॉबेरी आणा.

डोंबिवलीतल्या चैत्रागौरीच्या हळदीकुंकवांतून मात्र मी तुम्हाला मोकळं करते. तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत महिनाभर ती चालतात, सगळ्यांकडे गेलंच पाहिजे असं नाही. ज्यांच्याकडे जाऊन बरं वाटतं त्या चार-पाच घरी जा, पन्हं प्या, आंबेडाळ खा, निवांत बसा. बाकीच्यांना फोन करून सांगा, "यंदा जमत नाही." कारण सांगत बसू नका. नऊ शनिवार-रविवार नात्यांना दिल्यावर उरलेले तीन तुमचेच आहेत. कालनिर्णयावर लग्नाच्या तारखा लिहितो तशी त्यांच्यावर आत्ताच खूण करा. त्या दिवशी स्वयंपाक यजमान आणि मुलगी बघतील, हेही आत्ताच ठरवा. त्या तीन शनिवारांत कादंबरी काढलीत तरी माझी हरकत नाही.

न जाण्याचा विचार सोडून द्या. या वर्षी गेला नाहीत तर जाऊबाईंचं ते वाक्य आणखी एक वर्ष तुमच्याबरोबर राहील, आणि घरी बसून वाचलेल्या पानांत ते सारखं मध्ये येईल. एकदा काजू सोलता सोलता त्याच ओटीवर त्यांच्याशी बोललात की ते निघून जाईल. मला याची खात्री वाटते, कारण त्या चारचौघांत बोलल्या. मनात ठेवलं नाही.

राहिली मुदत उलटलेली दोन पुस्तकं. ती या शनिवारी परत करा, जो काही दंड होईल तो भरा. यापुढे मार्चमध्ये सुट्टीला निघताना वाचनालयात सांगून जा. बहुतेक ठिकाणी मुदत वाढवून देतात, पण विचारावं लागतं. आणि गावी नेताना स्वतःची पुस्तकं न्या, वाचनालयाची नको. ओल्या काजूचा चीक पानाला लागला तर तो डाग निघत नाही.